बडोद्यात वाचनालयाच्या कामाला लागताना : नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शन

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी, कारेलीबाग किंवा मकरपुऱ्याच्या एखाद्या मराठी वाचनालयात तुम्ही पगारावर किंवा सेवा म्हणून नव्याने कामाला लागला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मंडळाच्या खोलीतली दोन कपाटे असोत की पाच हजार पुस्तकांचे ग्रंथालय, कामाचा क्रम तोच राहतो. पुस्तक आत येते, नोंदले जाते, त्याला जागा मिळते, ते वाचकाकडे जाते, परत येते, आणि वर्षातून एकदा आपण ते जागेवर आहे का ते पाहतो. वाचनालयातले प्रत्येक रजिस्टर, शिक्का आणि चिठ्ठी दोन प्रश्नांच्या उत्तरासाठी असते. हे पुस्तक आत्ता कुठे आहे? आणि ते कोणाकडे आहे? या दोन्हींचे उत्तर अर्ध्या मिनिटात देता आले, तर वाचनालय चालू आहे असे समजा.

या शहरात हे काम करताना थोडी पूर्वपीठिका माहीत असावी. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तक पडले नाही तर शिकलेले पुसले जाते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना त्यांनी बडोद्यात आणले. बॉर्डन तीन वर्षे इथे होते. त्या काळात मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि फिरत्या पेट्या यांची एकच व्यवस्था उभी राहिली. गावाने जेवढी रक्कम जमवायची तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, असा तीन वाट्यांचा नियम होता. वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक निवडायचे ही मुक्तद्वार पद्धत इथे तेव्हापासून आहे. ग्रंथालयांविषयीचे ‘लायब्ररी मिसेलनी’ हे तिमाहीसुद्धा इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत इथूनच निघत होते. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी अजून पाहिली नसेल तर आधी एक फेरी मारा. तिथल्या मजल्यांच्या जमिनी काचेच्या आहेत, वरचा उजेड खालच्या रॅकपर्यंत पोचावा म्हणून. पुस्तक वाचकाला दिसले पाहिजे, हा विचार तिथे बांधकामातच उतरला आहे.

पुस्तक आत येते तेव्हा

मराठी पुस्तके बडोद्यात बहुधा पुण्या-मुंबईहून पार्सलने येतात. खोके उघडल्याबरोबर शिक्के मारायला बसू नका. आधी बिल आणि पुस्तके ताडून पाहा : नाव, लेखक, प्रती, छापील किंमत, सूट. मग प्रत्येक पुस्तक चाळा. पुस्तके बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे घडी घातलेल्या छापील कागदांच्या जुड्यांनी, बांधली जातात. एखादा फर्मा गळला किंवा दोनदा बांधला गेला, तर पान ६४ नंतर ८१ येते, किंवा ४९ ते ६४ पुन्हा येतात. सोळाच्या टप्प्यांवर पानांचे आकडे पाहिले की असा दोष लगेच सापडतो. शिक्का मारलेले पुस्तक विक्रेता परत घेत नाही, म्हणून ही तपासणी शिक्क्याच्या आधी.

देणगीची पुस्तके आली की बडोद्यात एक गोष्ट हमखास घडते. जुन्या वाड्यातले किंवा फ्लॅटमधले कपाट रिकामे होते आणि दोनशे पुस्तके एकदम दारात येतात. ती सगळी घेतलीच पाहिजेत असे नाही. घेण्याआधीच सांगा, आणि छापील फॉर्मवर सही घ्या, की उपयोगी तेवढीच पुस्तके ठेवली जातील आणि उरलेली दुसऱ्या संस्थेला दिली जातील. हे आधी बोलले नाही तर पुढे आपली पुस्तके रद्दीत पाहून देणाऱ्याचे मन दुखते, आणि ते दुखणे रास्त असते. वाळवी लागलेली, बुरशी आलेली पुस्तके आत आणूच नका. शंका वाटली तर पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा आणि पिशवीच्या तळाशी भुसा किंवा अळी दिसते का ते पाहा.

दाखल नोंदवही

वाचनालयाची मालमत्ता म्हणजे ही वही. कपाटे बदलतील, संगणक बदलेल, पण दाखल नोंदवही पन्नास वर्षांनीही उघडावी लागते. म्हणून ती जाड कागदाची, शिवलेली आणि पानांवर छापील क्रमांक असलेली घ्या. सुट्या पानांची फाईल चालत नाही.

रकाने असे : तारीख, दाखल क्रमांक (पुस्तक आले त्या क्रमाने दिलेला), लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक व ठिकाण, प्रकाशनवर्ष व आवृत्ती, पृष्ठे, कोणाकडून आले, बिल क्रमांक व तारीख, किंमत, वर्गांक (पुस्तकाचा विषय सांगणारा आकडा) आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा. पुस्तक हरवले, बाद केले, बदलून मिळाले, हे सगळे तिथेच लिहायचे असते.

नियम थोडे आहेत, पण ते मोडले की पुढची सगळी वर्षे निस्तरावी लागतात. एका प्रतीला एक क्रमांक. तीन प्रती असतील तर तीन ओळी, आणि तीन खंडांचा संच असेल तरी तीन ओळी. बाद झालेल्या पुस्तकाचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीही द्यायचा नाही. व्हाइटनर किंवा खाडाखोड नाही. चूक झाली तर लाल शाईने एक आडवी रेघ मारा, वर बरोबर नोंद लिहा आणि सही करा. देणगीच्या पुस्तकावर किंमत छापलेली असेल तर मूल्य म्हणून तीच लिहा आणि ‘कोणाकडून’ या रकान्यात देणगी असे नोंदवा. पुस्तकांची नोंद झाली की बिलाच्या पाठीवर ‘दाखल क्र. १२०१ ते १२२४ नोंदले’ असे लिहून सही करा. हिशेबतपासनीस सर्वांत आधी हेच पाहतो, आणि ही ओळ नसेल तर एकच बिल दोनदा मंजूर होण्याचा धोका राहतो.

पुस्तकात दाखल क्रमांक तीन ठिकाणी लिहा : शीर्षकपानाच्या मागे, शेवटच्या छापील पानाच्या तळाशी, आणि एका ठरलेल्या गुप्त पानावर. गुप्त पान सगळ्या वाचनालयासाठी एकच असते. समजा ३१ ठरवले, तर प्रत्येक पुस्तकाच्या पान ३१ वर छोटा शिक्का आणि क्रमांक. पहिले पान फाडून कोणी पुस्तक रद्दीवाल्याकडे विकले, तरी ते ओळखता येते. चित्रांवर आणि मजकुरावर शिक्का मारू नका.

वर्गीकरण आणि इथला तीन भाषांचा प्रश्न

नवीन माणूस इथेच गोंधळतो, म्हणून थोडे सविस्तर. ड्युई दशांश पद्धतीत, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीत, मराठी साहित्य ८९१.४६, गुजराती ८९१.४७ आणि हिंदी ८९१.४३. पुढचा आकडा प्रकार सांगतो : १ कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. म्हणजे मराठी कादंबरी ८९१.४६३. बाकी रोज लागणारे आकडे तोंडपाठ होतात : हिंदू धर्म २९४.५, लोककथा ३९८.२, वैद्यक ६१०, पाककला ६४१.५, संगीत ७८०, भारतातला प्रवास ९१५.४, चरित्र ९२०, भारताचा इतिहास ९५४.

ज्या वाचनालयात तीन चतुर्थांश पुस्तके मराठी कथा-कादंबऱ्यांची आहेत, तिथे प्रत्येक पाठीवर ८९१.४६३ लिहिल्याने वाचकाला काही कळत नाही. अशा ठिकाणी ललित साहित्याला सोपे अक्षर द्यावे, म्हणजे कादंबरीला ‘का’, कथेला ‘क’, नाटकाला ‘ना’, कवितेला ‘कवि’, आणि माहितीपर पुस्तकांना तेवढा ड्युईचा आकडा. आमचे मत असे की पाच हजारांच्या आतल्या वाचनालयाला एवढे पुरते. नोंदवहीत आणि संगणकात मात्र पूर्ण वर्गांक लिहा, म्हणजे पुढे मोठ्या व्यवस्थेशी जोडायची वेळ आली तर पुन्हा वर्गीकरण करावे लागणार नाही.

वर्गांकाखाली लेखकाच्या आडनावाची पहिली दोन-तीन अक्षरे आणि त्याखाली शीर्षकाचे पहिले अक्षर. इथे काही निर्णय आधीच घ्यावे लागतात. टोपणनावाने प्रसिद्ध असलेला लेखक टोपणनावाखालीच ठेवा. वाचक ‘कुसुमाग्रज’ म्हणून शोधायला येतो, ‘शिरवाडकर’ म्हणून क्वचितच. यादीत मात्र ‘शिरवाडकर, वि. वा. : कुसुमाग्रज पाहा’ अशी नोंद हवी. संतांना आडनाव लावायचे नाही. तुकाराम ‘त’ मध्ये. लेखिकेचे नाव लग्नाआधी आणि नंतर वेगळे छापले असेल, तर एक नाव धरा आणि दुसऱ्याची ‘पाहा’ नोंद करा, नाहीतर एकाच लेखिकेची पुस्तके दोन कपाटांत जातात.

वर्णक्रमाचेही ठरवून ठेवा. क्ष, त्र, ज्ञ यांची नावे काही जण यादीच्या शेवटी शोधतात. कोशाच्या क्रमाने क्ष हा ‘क’ मध्ये, त्र ‘त’ मध्ये आणि ज्ञ ‘ज’ मध्ये येतो. तोच क्रम धरा आणि ‘ज्ञ : ज मध्ये पाहा’ अशी पट्टी कपाटावर डकवा. आळीपाळीने काम करणारे चार जण चार क्रम लावू लागले, की सहा महिन्यांत कपाट विस्कटते.

आता बडोद्याची खास अडचण. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे पाठीवरची लेबले सारखीच दिसतात आणि पुस्तके एकमेकांत मिसळतात. यासाठी लेबलाच्या वर अर्ध्या सेंटिमीटरची रंगीत पट्टी लावा, उदाहरणार्थ मराठीला लाल, गुजरातीला हिरवी, हिंदीला निळी. पुस्तक कोणत्या भाषेत आहे ते पाहा, लेखक कोणत्या घरातला ते पाहू नका. काकासाहेब कालेलकर मराठी घरातले, पण त्यांची गुजराती पुस्तके गुजरातीतच जातात. अनुवादाबाबत ड्युईचा नियम असा की पुस्तक मूळ भाषेच्या साहित्यात ठेवावे, म्हणजे गुजराती कादंबरीचा मराठी अनुवाद ८९१.४७३. अभ्यासकांच्या ग्रंथालयाला हे योग्य आहे. आपल्याकडे येणाऱ्या आजींना मराठी कादंबरी हवी असते आणि ती मराठीच्या कपाटातच सापडायला हवी. म्हणून अनुवाद वाचण्याच्या भाषेत ठेवा. कोणताही नियम धरा, पण एकच धरा.

लेबल पाठीच्या खालच्या टोकापासून तीन सेंटिमीटरवर लावा, सगळ्या पुस्तकांवर एकाच उंचीला. पुस्तक अगदी बारीक असेल तर मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. लेबलावर पारदर्शक चिकटपट्टी चालते. पुस्तकाच्या आत, फाटलेल्या पानावर, ती कधीही लावू नका. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, आणि मग तो डागही जात नाही आणि पट्टीही निघत नाही. फाटलेल्या पानाला पातळ पारदर्शक कागद आणि ताजी खळ वापरा.

मांडणी

नव्वद सेंटिमीटर लांबीच्या फळीवर साधारण तीस पुस्तके धरा आणि फळीचा चौथा हिस्सा रिकामा सोडा. गच्च भरलेल्या फळीतून पुस्तक ओढताना पाठीचे वरचे टोक फाटते, आणि बांधणी खिळखिळी होण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते. रॅक भिंतीपासून पंधरा सेंटिमीटर सरकवून ठेवा, ओल आणि वाळवी दोन्ही भिंतीतून येतात. दोन रॅकमध्ये निदान सव्वा मीटर अंतर असावे, म्हणजे एक जण वाकून पाहत असताना दुसरा मागून जाऊ शकतो. लहान मुलांची पुस्तके त्यांच्या छातीच्या उंचीपर्यंतच लावा.

देवघेव

आधी सभासदत्व. अर्जावर नाव, पत्ता, फोन, ओळखपत्राची नोंद आणि दोन सभासदांची शिफारस एवढे बस. वर्गणी आणि अनामत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पावत्याही वेगळ्या हव्यात. वर्गणी हे उत्पन्न आहे. अनामत हे वाचनालयावरचे देणे आहे, सभासद सोडून जाताना ती परत करायची असते. अनामत वेगळ्या खात्यात ठेवा. ती पुस्तकखरेदीत खर्च झाली, की एका वर्षी दहा सभासद बदली होऊन गेले तर परत द्यायला पैसेच नसतात. अनामत किती घ्यावी? एका वेळी जेवढी पुस्तके देता त्यांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून कमी नसावी.

संगणक नसेल तर खिसापद्धत, म्हणजे ब्राउन पद्धत, अजूनही सर्वांत भरवशाची आहे. प्रत्येक पुस्तकात तीन गोष्टी : मागच्या पुठ्ठ्याच्या आत कागदी खिसा, त्यात पुस्तककार्ड, आणि समोर तारीखपट्टी. पुस्तककार्डावर दाखल क्रमांक, लेखक आणि नाव. सभासदाला जितकी पुस्तके नेता येतात तितकी तिकिटे, म्हणजे छोटे खिसे, द्यायचे.

पुस्तक देताना कार्ड काढून सभासदाच्या तिकिटात घाला, तारीखपट्टीवर परतीच्या तारखेचा शिक्का मारा, पुस्तक द्या. तिकीट आपल्याकडे राहिले. दिवस संपताना सगळी तिकिटे दाखल क्रमांकाने लावून त्या परतीच्या तारखेच्या खणात ठेवा. पुस्तक परत आले की तारीखपट्टी पाहा, त्या तारखेच्या खणातून क्रमांक शोधा, कार्ड पुस्तकात आणि तिकीट सभासदाच्या हातात. हे त्याच्यासमोरच करा. ‘ठेवून जा, नंतर पाहतो’ म्हटले की भांडणाची सुरुवात होते.

चुका कुठे होतात? सकाळी तारखेचा शिक्का बदलायचा राहतो. मग पट्टीवर एक तारीख, तिकीट दुसऱ्या खणात, आणि परत आलेल्या पुस्तकाचे कार्ड सापडत नाही. म्हणून दार उघडल्यावर दिवे लावण्याच्या आधी शिक्का बदला. दुसरी चूक म्हणजे कार्ड न घालता पुस्तक कपाटात जाणे. असे पुस्तक पुढच्या वाचकाच्या हाती लागले की कोणाच्या तिकिटात घालायला कार्डच नसते. परत आलेली पुस्तके थेट कपाटात न लावता एका वेगळ्या फळीवर ठेवा आणि लावण्यापूर्वी प्रत्येकाचा खिसा पाहा. या फळीला वाचकांची फार पसंती असते. आत्ताच कोणी वाचून आणलेले पुस्तक हवेसे वाटते, तेव्हा ती दारापाशी आणि उघडी असू द्या.

मुदत पंधरा दिवस, कोणी मागणी नोंदवली नसेल तर एकदा वाढवून. दंड आकारताना सुट्टीचे दिवस वगळा. दंड पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त होऊ देऊ नका, कारण मोठ्या दंडाला घाबरून माणूस पुस्तकही आणत नाही आणि स्वतःही येत नाही. पुस्तक हरवले तर तीच किंवा नवी आवृत्ती आणून द्यायला सांगा. मिळत नसेल तर आजच्या किमतीने भरपाई घ्या. चाळीस वर्षांपूर्वीची छापील किंमत घेण्यात अर्थ नाही.

आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. कोणी कोणते पुस्तक नेले हे दुसऱ्या सभासदाला सांगायचे नाही. आपल्या वस्तीत सगळे एकमेकांना ओळखतात. कोणी आजारपणावरचे, कोणी घटस्फोटाच्या कायद्यावरचे पुस्तक नेते. ‘ते अमक्यांकडे आहे’ असे न म्हणता ‘बाहेर आहे, मागणी नोंदवू का?’ एवढेच म्हणा.

संगणकावर जाताना

सरकारी माहितीशास्त्र केंद्राचे ई-ग्रंथालय आणि खुल्या परवान्याचे कोहा ही ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरची दोन नावे तुम्ही ऐकाल. कोहाला ते सांभाळणारा माणूस लागतो, तो नसेल तर त्याच्या मागे लागू नका. कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, मजकूर युनिकोडमध्येच भरा. जुन्या डीटीपी फाँटमध्ये भरलेली यादी पडद्यावर मराठी दिसते, पण दुसऱ्या यंत्रावर नेली की निरर्थक अक्षरे उरतात आणि शोध चालत नाही. युनिकोडमध्येही एक खाच आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येते, एकदा स्वतंत्र चिन्ह म्हणून आणि एकदा ‘अ’ ला वर चंद्र जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांचेही तसेच. भरणारे दोघे असतील तर दोघांनी एकच कळफलक वापरा, आणि दर शंभर नोंदींनी अशा दहा शब्दांचा शोध घेऊन पाहा. बारकोडचा आकडा म्हणजे दाखल क्रमांकच ठेवा, दुसरा क्रम सुरू करू नका. रोज संध्याकाळी नोंदींची प्रत काढा, एक वाचनालयात आणि एक वाचनालयाबाहेर. कागदी दाखल नोंदवही बंद करायची नाही.

दिवाळी अंक

मराठी वाचनालयाची खरी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा बडोद्याच्या मराठी घरांनीही जपली आहे, आणि इथे अंक दुकानात सहज मिळत नसल्यामुळे वाचनालयावरच सगळ्यांची भिस्त असते. सप्टेंबरमध्येच मागणी नोंदवा. कोणते अंक घ्यायचे हे मागच्या वर्षी कोणता किती वेळा बाहेर गेला त्यावरून ठरवा.

अंक दाखल नोंदवहीत घेऊ नका. त्यांची वेगळी वही, वेगळी क्रममालिका. आल्याबरोबर मुखपृष्ठाला प्लॅस्टिक आणि पाठीला दोन पिना, कारण हे अंक चार महिन्यांत तीस-चाळीस हात फिरतात. मुदत तीन-चार दिवस, एका वेळी एकच. वेगळी अंक-योजना ठेवून थोडी जादा वर्गणी घेतली तर खर्च निघतो. मार्च संपला की ज्यांत कायम ठेवण्याजोगा मजकूर आहे असे दोन-चार अंक बांधून घ्या आणि मगच दाखल करा. बाकीचे सभासदांना स्वस्तात द्या.

फिरती पेटी

बडोदे संस्थानात पंधरा ते तीस पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव जात आणि साधारण तीन महिने तिथे राहत. तीच युक्ती आज शहराच्या टोकाला असलेल्या सोसायट्या, महिला मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघांसाठी उत्तम चालते. विशेषतः ज्यांना मांडवीपर्यंत येणे जमत नाही त्यांच्यासाठी.

पंचवीस पुस्तकांची पेटी अशी भरा : कथा-कादंबऱ्या ८, मुलांची ६, चरित्रे ३, आरोग्य-पाककला-बाग यांपैकी ३, धार्मिक २, नाटक-कविता २, प्रवास १. वजन पेटीसह दहा किलोच्या आसपास राहते, स्कूटरवर नेता येते. यादीच्या दोन प्रती करा, एक झाकणाच्या आत डकवा, एक आपल्याकडे ठेवा. पेटीला सभासद समजून तिच्या नावाची तिकिटे बनवा आणि पुस्तके त्या तिकिटांवर द्या, म्हणजे ती कुठे आहेत हे नेहमीच्या खणातच दिसेल. तिकडे एक जबाबदार व्यक्ती आणि एक साधी वही : तारीख, पुस्तकाचा क्रमांक, नाव, परत. पेटी एका ठिकाणाहून परस्पर दुसरीकडे पाठवण्याचा मोह होतो. तो टाळा. ती दर वेळी आपल्याकडे आली तरच फाटलेले आणि हरवलेले वेळेवर कळते आणि पुस्तके बदलता येतात.

पाऊस आणि विश्वामित्री

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचे पाणी शहरात किती आत येते ते सगळ्यांनी पाहिले. तळमजल्यावर वाचनालय असेल तर जून ते सप्टेंबर सर्वांत खालची फळी रिकामी ठेवा. दाखल नोंदवही आणि जुनी, दुर्मिळ पुस्तके पावसाळ्यापुरती वरच्या मजल्यावर न्या.

पुस्तक भिजले तर ४८ तासांच्या आत हालचाल करायला हवी, त्यानंतर बुरशी धरते. भिजलेले पुस्तक उघडू नका, पाने ओढू नका. चिखल असेल तर पुस्तक घट्ट मिटलेले ठेवून स्वच्छ पाण्याने वरून धुवा. थोडे ओले असेल तर उभे करून पाने किंचित पंख्यासारखी पसरवा, टीपकागद घाला, तासा-दोन तासांनी बदला आणि पंख्याखाली वाळवा. उन्हात ठेवू नका, पुठ्ठे वाकतात आणि पाने लाटांसारखी होतात. गुळगुळीत चित्रकागदाची पाने वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात, म्हणून अशी पुस्तके सर्वांत आधी हाती घ्या. भिजलेली पुस्तके इतकी असतील की दोन दिवसांत हाताळता येणार नाहीत, तर एकेक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उणे अठरा अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याशी हे मे महिन्यातच बोलून ठेवलेले बरे. गोठलेल्या पुस्तकात बुरशी वाढत नाही आणि मग आठवड्याला दहा-दहा काढून वाळवता येतात.

एरवी पावसाळ्यात काचेची कपाटे दिवसेंदिवस बंद ठेवू नका. कोरड्या दिवशी दुपारी तास-दोन तास उघडून पंखा चालू ठेवा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला अनुकूल होते, आणि साधा आर्द्रतामापक फार महाग नसतो. बंद खोलीत डांबराच्या गोळ्यांचा मारा करू नका, त्या वासाचा त्रास तिथे बसणाऱ्या माणसांना होतो.

आपल्याकडे नसेल तेव्हा

‘नाही’ एवढेच सांगून वाचकाला परत पाठवू नये. सर्वसाधारण वाचनासाठी सेंट्रल लायब्ररी. विद्यापीठीय संशोधनासाठी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी. हस्तलिखिते आणि संस्कृत ग्रंथांसाठी प्राच्यविद्या मंदिर. वाचक जाण्याआधी फोन करून प्रवेशाचे नियम आणि वेळ विचारून द्या, आणि पुस्तकाचे पूर्ण नाव, लेखक, वर्ष चिठ्ठीवर लिहून द्या. अर्धवट नावाने आलेल्या माणसाला तिथल्या लोकांनाही मदत करता येत नाही. कोणी जुन्या पुस्तकाची संपूर्ण छायाप्रत मागितली, तर लेखकाच्या निधनाला साठ वर्षे झाली आहेत का ते आधी पाहा. भारतात लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो.

वार्षिक मोजणी

वीस हजारांपर्यंतच्या ग्रंथालयाची मोजणी दरवर्षी पूर्ण करावी, असे केंद्र सरकारचे वित्तीय नियम सांगतात. ते नियम सरकारी ग्रंथालयांसाठी असले तरी मापदंड म्हणून आपल्यालाही उपयोगी आहेत. मोजणीच्या पंधरा दिवस आधी नवी देवघेव थांबवा आणि बाहेरची पुस्तके शक्य तितकी परत बोलवा. मग दोघांच्या जोड्या : एक जण कपाटातून क्रमांक वाचतो, दुसरा यादीत खूण करतो. दिवसाला एका जोडीकडून पाचशे-सहाशे पुस्तके होतात, त्याहून घाई केली की चुका होतात.

सापडले नाही म्हणजे हरवले असे लगेच लिहू नका. क्रमाने पाहा : तिकिटांचे खण, पेट्यांच्या याद्या, बांधणीला दिलेल्यांची वही, प्रदर्शनाचे टेबल, कपाटामागची फट, आणि शेजारचे वर्ग. बरीचशी पुस्तके इथेच मिळतात. उरलेल्यांची यादी एक वर्ष ‘न सापडलेली’ म्हणून ठेवा आणि पुढच्या मोजणीतही मिळाली नाहीत तर समितीपुढे न्या. वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचपर्यंत गहाळ होणे हे त्याच वित्तीय नियमांत स्वाभाविक मानले आहे, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. त्यामुळे दोन-चार पुस्तके कमी भरली म्हणून काउंटरवरच्या माणसाच्या पगारातून कापू नका. तसे केले की पुढचा माणूस कपाटांना कुलपे घालतो, आणि मुक्तद्वार संपते.

बाद करायची पुस्तके वेगळी काढताना तीन निकष लावा : दुरुस्तीपलीकडे फाटलेली, मजकूर कालबाह्य झालेली (जुने करविषयक आणि परीक्षांचे ग्रंथ), आणि दहा वर्षांत एकदाही न हललेल्या जादा प्रती. एकुलती एक प्रत, बडोद्यात छापलेले जुने पुस्तक किंवा स्थानिक लेखकाचे पुस्तक या निकषांत बसले तरी काढू नका. बाद यादीला समितीचा ठराव हवा. ठरावाचा क्रमांक आणि तारीख दाखल नोंदवहीच्या शेऱ्यात लाल शाईने लिहा, पुस्तकावरच्या तिन्ही जुन्या शिक्क्यांवर ‘बाद’ असा शिक्का मारा, पुस्तककार्ड काढून घ्या, संगणकातली नोंद न पुसता तिची स्थिती बदला. आणि मगच पुस्तक बाहेर जाऊ द्या.